प्लेट फिरव, इंजिनियर!

"प्लेट फिरव!"

आयर्लंडमधल्या नावन गावातल्या त्या फिलिपिनो खानावळीत कुणी जेवता जेवता मध्येच उठलं, की काउंटरमागून ही हाक यायची. नुसती हाक नाही. आते हातातला झारा ठेवून स्वतः यायच्या, टेबलावर मागे राहिलेल्या माणसाच्या प्लेटच्या कडेला दोन बोटं लावायच्या आणि प्लेट गर्रकन अर्धी फिरवायच्या. मग उठलेल्या माणसाला म्हणायच्या, "ग्रँड. आता जा." ग्रँड म्हणजे इकडच्या बोलीत 'झकास'.

आते म्हणजे फिलिपिनो लोकांत थोरली बहीण. गावातले आयरिश म्हातारेसुद्धा त्यांना आतेच म्हणत, त्यामुळे खरं नाव विचारायचं मला कधी सुचलं नाही. आज त्याची लाज वाटते. नर्सची नोकरी सोडून त्यांनी ही जागा काढली, तेव्हा माझी दहावीही झाली नव्हती. सहा टेबलं, निळ्या कडेच्या पांढऱ्या इनॅमलच्या प्लेटा, आणि प्रत्येक प्लेटचा कुठे ना कुठे टवका उडालेला. पहिल्यांदा तिथला चिंचेचा आंबट रस्सा प्यायलो आणि आईचं सार आठवून डोळ्यांत पाणी आलं. मी खुशाल मिरचीवर ढकललं. हातानं भात कालवायला लागलो, तर आते खूश. "आमच्याकडेही असंच जेवतात. चमचे पाहुण्यांसाठी."

मागे राहिलेल्यानं प्लेट फिरवली, की निघालेला माणूस सुखरूप पोचतो, अशी त्यांची समजूत. मी मेडिकल उपकरणांच्या कारखान्यात क्वालिटीला. पुराव्याशिवाय आम्ही सुईसुद्धा पास करत नाही. म्हटलं, "आते, पुरावा काय?"

"तुम्ही निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणता. तूच सांगितलंस ना? त्याला पुरावा काय?"

झालं! मी हसून आणखी भात वाढून घेतला.

मग ती जानेवारीतली दुपार. मी आणि अनघा, म्हणजे माझी बायको, जेवत होतो. तिला डब्लिनजवळच्या चेरीवूडच्या ऑफिसातून फोन आला, सिस्टिम बंद पडलीय, ये. ती अर्ध्या जेवणातून उठली. मी ढिम्म. आतेंनीच येऊन माझी प्लेट फिरवली आणि मी तुमच्यासारखाच हसलो.

तासाभरानं अनघाचा फोन. रस्त्यावर बर्फाचा पातळ थर होता, गाडी घसरली, गर्रकन अर्धी फिरली आणि नावनकडे तोंड करून कडेला उभी राहिली. तिला साधं खरचटलंही नव्हतं.

आतेंना सांगितलं, तर त्या ग्लास पुसत नुसतं "ग्रँड" म्हणाल्या. पुसलेला ग्लास खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "माझा नवरा याच टेबलावरून उठून गेला होता. मी एकटीच मागे उरले होते. त्याच्याच एका विनोदावर हसत बसले आणि विसरले. परत आला नाही. माझ्या टेबलावरून आता असं कुणी जायचं नाही."

मी योगायोग वगैरे काहीतरी पुटपुटलो. पण त्यानंतर अनघा नुसती बेसिनकडे गेली तरी मी चोरून प्लेट फिरवायचो.

आते कधी गिऱ्हाइकांबरोबर जेवायला बसत नसत. एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी हॉटेल रिकामं होतं, तेव्हा आपली प्लेट घेऊन समोर येऊन बसल्या. "आज मला कंपनी दे." दोन घास झाले नाहीत तोच फोन. कुणा नर्सचा वाढदिवस होता, नूडल्सचा ट्रे न्यायला येणारी आजारी पडली होती. वाढदिवसाला त्यांच्याकडे नूडल्स लागतातच, लांब नूडल्स, लांब आयुष्य. आते स्वतःच ट्रे पोचवायला उठल्या. "सावकाश संपव," म्हणाल्या आणि दारातून चक्क मराठीत, "येते!"

मी जेवलो. आता आमच्या आईचं वळण बघा. ताट खरकटं पडू द्यायचं नाही, दुसऱ्याकडे जेवलो तर आपलं आपण उचलायचं. मी त्यांचा उरलेला भात झाकून ठेवला, दोन्ही प्लेटा आत नेल्या, लख्ख घासल्या, पुसून फळीवर लावल्या. चला, आतेंचं एक काम वाचलं! स्वतःवर खूश होऊन हात पुसत होतो, आणि एकदम लक्षात आलं. फिरवायला टेबलावर प्लेटच उरली नव्हती.

आते परत आल्या नाहीत. गावाबाहेरच्या राउंडअबाउटवर त्यांच्या गाडीला लॉरी आडवी आली होती. नूडल्सचा ट्रे मागच्या सीटवर जसाच्या तसा होता म्हणे, झाकणही हललं नव्हतं.

"तू प्लेट फिरवली असतीस तर लॉरी थांबली असती?" अनघा विचारते. बरोबर आहे तिचं. मीच विचारला असता हा प्रश्न. पण मला झोप लागत नाही, त्याचं काय करू?

हॉटेल आता त्यांचा धाकटा भाऊ चालवतो. त्याला मी सगळं सांगून टाकलं. पुढच्या वेळी त्यानं माझ्यासमोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे आतेंची प्लेट मांडली, त्यात मूठभर भात. दाताएवढा टवका उडालेली त्यांची प्लेट मी डोळे मिटूनही ओळखेन. तेव्हापासून तो दर वेळी ती अशी मांडतो, की टवका त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे असतो.

गेल्या शनिवारी भरदुपारी धुकं पडलं होतं. मी एकटाच जेवत होतो. अनघाचा फोन आला, आपली लेक मॅचमध्ये पडलीय, हात मोडलाय बहुतेक, लगेच ये. मी तसाच उठलो. दाराच्या कडीला हात लावला आणि थांबलो. मी मध्येच उठलो होतो, आणि माझ्या टेबलावर मागे कुणीच नव्हतं.

वळून पाहिलं. भाऊ आत होता, कढईचा चर्र आवाज येत होता. इतर टेबलं रिकामी. आतेंची प्लेट तिथेच होती, भातही हलला नव्हता. टवका मात्र माझ्या खुर्चीकडे आला होता.

मी त्यांची प्लेट धुऊन टाकली होती. त्यांनी माझ्यासाठी फिरवली.

"येतो, आते," मी म्हणालो आणि धुक्यात गाडी अगदी सावकाश काढली.