डाव्या अंगठ्याचा जबाब

"अंगठा उठव, म्हाताऱ्या. मेंढरांमागं फिरणाऱ्याला सही कशाला पायजे?"

हवालदाराने हे वाक्य सरकारी दवाखान्यात, माझ्या खाटेशी उभे राहून उच्चारले. सगळ्या वॉर्डाने ते ऐकले. माझा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. चष्मा फुटला होता. उजवा मोडलाय, डाव्या हाताने का होईना सही करून देतो, थोडा वेळ लागेल, एवढेच मी म्हणालो. त्याने माझा डावा हात उचलला, अंगठा शाईत दाबला आणि कागदावर ठेवून फिरवला. मेंढराच्या पाठीवर खूण मारावी तसा. शेजारच्या खाटेवरचा माणूस हसला.

निवृत्त होऊन घरच्या मेंढरांमागे लागण्याआधी मी एकतीस वर्षे कोर्टात बेलीफ होतो. दारोदार जाऊन समन्स बजावणे हे माझे काम. प्रत्येकाला मी एकच सांगत आलो: आधी वाचा, मग सही करा. माझ्या वडिलांना अक्षर येत नव्हते. समोर सरकारी कागद आला, की ते धोतराला अंगठा पुसून तयार राहत. आमच्या घरातला अंगठा त्यांच्याबरोबर गेला, अशी माझी समजूत होती.

हवालदाराने जबाब मोठ्याने वाचून दाखवला होता. मी सांगितले तेच शब्द होते. म्हणून मी हात ओढून घेतला नाही. ही माझी चूक, आणि ती मी लिहून ठेवतो. पुढे नवा चष्मा लावून मी जबाबाची नक्कल वाचली, तेव्हा तीत एवढेच होते: ‘मेंढरे चारताना दगडावरून पाय घसरून पडलो. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.’ खाली माझा अंगठा.

मी घसरलो नव्हतो.

वडूजच्या पूर्वेला, माळावर आमचे गाव. गावाच्या गायरानावर आमच्या चार पिढ्यांनी मेंढरे चारली. त्या गायरानात दादासाहेबांनी खडीचे क्रशर बसवले. दादासाहेब म्हणजे ज्यांच्या गाडीला एसटीही बाजू देते असे गृहस्थ. मी अर्ज केले. एकामागून एक बारा. बाराव्या अर्जावर मोजणीचा आदेश निघाला. मोजणी दोन दिवसांवर आली असताना, भर दुपारी, मी गायरानात मेंढरे घेऊन उभा होतो. बिननंबरची जीप आली. चौघे उतरले. तोंडाला उपरणी गुंडाळलेली.

पहिला घाव पाठीत बसला. मी पडलो. तेवढ्यात एकजण म्हणाला, "उजवा. उजवा हात धरा त्येचा."

लिहिता हात. मनगट दगडावर ठेवून त्यांनी ते गजाने फोडले. मेंढरे बिथरून आमच्यातच घुसली. ती त्यांच्या पायांत येऊ लागली. कोणीतरी शिवी दिली, कोणीतरी हाक दिली, मेंढरे बाजूला झाली. पुढचे मला आठवत नव्हते.

दवाखान्यातून मला लेकीने कवठे महांकाळला आपल्या घरी नेले. तिथे एका सकाळी मी ओट्यावर बसलो होतो. समोरच्या रस्त्याने दोन धनगरांची मेंढरे एकमेकांत मिसळली. त्यांच्यातल्या एकाने टाळूला जीभ लावून आवाज काढला. निम्मी मेंढरे वळली. निम्मी जागची हलली नाहीत. ती दुसऱ्याची होती. आपल्या घरची हाक सोडून मेंढरू दुसऱ्या हाकेला वळत नाही, हे आमच्यात लहान पोरालाही ठाऊक असते.

गायरानात त्या दुपारी माझी मेंढरे हाकेला वळली होती.

आमच्या घरची हाक म्हणजे जिभेचे दोन टोले आणि मागून लांब, खाली उतरणारा हुंकार. वडील गेले. थोरला भाऊ गेला. माझा मुलगा फौजेत, त्याला ती कधी जमली नाही. ती हाक येणारी जिवंत माणसे उरली दोन. एक मी. दुसरा माझ्या भावाचा मुलगा, बिरा. बाप गेल्यावर तो नऊ वर्षांचा, आईसह माझ्या घरी आला. ती हाक मीच त्याला शिकवली. आता तो दादासाहेबांचा डंपर चालवतो.

मी गावी परतलो. अर्जदार हजर नाही म्हणून मोजणी पुढे ढकलली होती. कोणाला काही बोललो नाही. चौथ्या दिवशी बिरा आला. सोबत त्याची आई, माझ्या वहिनी. हातात केळी.

"तात्या, लय सोसलं तुमी. आता मिटवा," तो म्हणाला. "दादासाहेब दवाखान्याचं बगत्यात. मोजनीचा अर्ज तेवडा मागं घ्या."

"बघू," मी म्हणालो. "तेवढी मेंढरं वाघरंत घे. मला हात हलवता येईना. एक हाक दे."

वाघर म्हणजे मेंढरे कोंडायची जाळी. तिचे तोंड उघडे होते, मेंढरे अंगणभर पसरली होती. बिराने तोंड उघडले. जीभ टाळूला लागलेली मला दिसली. आवाज निघाला नाही.

"दे की," मी म्हणालो. "मागल्या महिन्यात तर ऐन दुपारी दिली होतीस."

त्याने केळी खाली ठेवली. त्याचे डोळे आपसूक माझ्या प्लास्टरकडे गेले. वहिनींनी आधी त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"मी मारलं न्हाई, तात्या," तो म्हणाला. "मी निस्ती गाडीला वाट दावली."

"आणि उजवा हात?"

मी सही कोणत्या हाताने करतो, हे त्या जीपमध्ये फक्त त्यालाच ठाऊक होते. त्याची शाळेची प्रगतिपुस्तके मी सही करून परत पाठवली होती.

वहिनी पुढे आल्या. "आवं भावजी, बाकीच्यांची नावं घाला. ह्येचं तेवडं गाळा. एकुलता हाय."

"वहिनी, त्या हवालदारानं माझं बोलणं गाळलं," मी म्हणालो. "आता मी त्याचंच काम करू?"

त्या उंबऱ्यावर बसल्या. उठल्या नाहीत. मी त्यांच्यासमोरच पाट घेतला आणि लिहायला बसलो. डाव्या हाताने. अक्षरे पहिलीतल्या मुलासारखी येत होती. एका पानाला दुपार गेली. पोलीस अधीक्षकांना अर्ज: अंगठा घेतलेला जबाब माझा नाही, पुरवणी जबाब नोंदवावा. दंडाधिकाऱ्यांकडे खाजगी फिर्याद: आरोपी क्रमांक एक, दादासाहेब. दोन, हवालदार. तीन, बिरदेव, माझा पुतण्या. त्याचे नाव पहिल्यांदा नीट उमटले नाही, म्हणून ते मी खोडून स्वच्छ पुन्हा लिहिले. मेंढरांची साक्ष कायद्यात बसत नाही, हे मला समजते. पण कोणाला धरून विचारायचे, हे तिने दाखवले. बिरा न्यायालयात खरे बोलला तर ते त्याच्या हिताचे. नाही बोलला तर तोही घरच्या हाकेसह आत जाईल.

मला न्याय नको, समाधान हवे, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. मला सूड हवा आहे, आणि तो मी कलमवार घेणार आहे. मोजणीचा अर्ज मागे घेतलेला नाही. तेरावा पाठवला आहे.

शेवटच्या पानावर मी सही केली. वाकडी, पण सही.

समन्स घ्यायला नकार देणाऱ्याच्या दारावर बेलीफ ते डकवतो. एकतीस वर्षे मी डकवले. दादासाहेब नकार देतील. तेव्हा त्यांच्या फाटकावर कागद डकवला जात असताना मी समोरच्या रस्त्यावर उभा असेन, आणि खळ वाळेपर्यंत हलणार नाही.