जांभळी कापडं

हक्कसोडपत्रावर सही करताना मी दादाकडं एकच गोष्ट मागितली होती. जमीन, बंगला, विहीर, सगळं तुझं; फक्त क्रुसाची वाट तशीच राहू दे. आई नुकतीच गेली होती. दादा म्हणाला, "हे काय सांगणं झालं? ती वाट म्हंजे आपलं घरच हाय की." मी सही केली.

ही वाट पणजोबांची. ते मूळचे गोव्याचे, निजामाकडं बांधकामावर अधिकारी होते. उमरीच्या पलीकडची ही जमीन त्यांना इनाम मिळाली. त्यांनी फाटकापासून चॅपलपर्यंत कडुलिंबाच्या दोन रांगा लावल्या आणि झाडांखाली काळ्या दगडाचे चौदा क्रूस उभे केले, येशूच्या शेवटच्या वाटेवरच्या चौदा ठिकाणांसाठी. चॅपलला गवंडी हैदराबादचे, म्हणून खिडक्यांच्या कमानी मशिदीसारख्या. गावातल्या बायका जाता-येता क्रुसाला हळदकुंकू लावायच्या आणि आई ते पुसायची नाही. आम्ही कोण, हे चार पिढ्यांत कुणाला सांगावं लागलं नाही. फाटक उघडलं की दिसायचंच.

आईचा एक रिवाज होता. गुड फ्रायडेच्या आधी दोन आठवडे ती सगळे क्रूस जांभळ्या कापडानं खालपर्यंत झाकायची आणि त्या शुक्रवारी दुपारी तीनला प्रार्थना म्हणत एकेक उघडायची. मधल्या दिवसांत कापडाला हात लावायचा नाही. लहानपणी चेंडू तिथं गेला, तर आम्ही तो लांबून काठीनं ओढून घ्यायचो.

आई गेल्यावर हे बंद पडलं. दादानं मागच्या शेतात लग्नाचं लॉन काढलं होतं, त्याला वेळ नव्हता. मी लातूरहून सणापुरती जायची. यंदा गुरुवारी रिक्षातून उतरले आणि चौदाही क्रूस झाकलेले पाहून मला फाटकातच रडू आलं. कापडंही आईच्याच पेटीतली. "आईला बरं वाटलं असतं रे," मी दादाला म्हणाले. तो इकडंतिकडं चप्पल शोधायला लागला.

जेवताना म्हणाला, "उद्या नांदेडच्या चर्चमधी जाऊ. गाडी सांगितलीय मी. इथं ऊन लई हाय, तुझे गुडघे दुखतेत."

"मग कापडं कोण काढणार?"

"तुझी वहिनी काढंल की."

वहिनी भाकरी वाढायची सोडून आत निघून गेली. मला तेव्हाही काही कळलं नाही. उलट भावाला माझ्या गुडघ्यांची काळजी आहे, म्हणून बरंच वाटलं. इतकी मी बावळट.

दुसऱ्या दिवशी गाडी दारात उभी असताना मी आईचं प्रार्थनेचं पुस्तक घेऊन वाटेवर गेले. दादा मागून "आगं, थांब" म्हणत आला. मी पहिलं कापड ओढलं. खाली क्रूस नव्हता. दगड गुडघ्याएवढा ठेवून वरचा कापलेला, त्यातून दिव्याची वायर बाहेर आलेली, आणि कापडाला क्रुसाचा आकार यावा म्हणून दोन बांबू उभे-आडवे सुतळीनं बांधलेले.

"फोटोत क्रूस येतेत म्हणून लग्नाच्या पार्ट्या मागं सरत होत्या," दादा म्हणाला. "सांगणारच होतो तुला. पण सणाच्या दिवशी वाईट वाटू नये म्हणून झाकलं."

"क्रूस कुठं हायेत?"

"लॉनच्या भरावात गेले."

दगडांपेक्षा मला त्या बांबूंचा जास्त राग आला. क्रूस कापताना त्यानं धंदा पाहिला, हे एक वेळ मी गिळलं असतं. पण शुक्रवारपर्यंत मी कापडाला हात लावणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आईनं आम्हा दोघांना जे शिकवलं, त्याच्याच भरवशावर त्यानं मला फसवलं होतं.

मी चौदाही ठिकाणी थांबले. सगळी प्रार्थना म्हटली. एकेक कापड काढून, घडी करून पिशवीत घातलं. बांबू उघडे पडत गेले. उद्याच्या लग्नाचे डेकोरेशनवाले फाटकात उभे राहून बघत होते.

"कापडं तरी राहू दे," दादा हळूच म्हणाला.

हक्कसोडपत्रात कापडं लिहिलेली नव्हती. मी ती घेऊन आले.