बास्केटबॉलकडून आलेलं स्थळ

आमच्या धाकट्या दिराला पाहायला जो पहिला माणूस घरी आला, त्याच्याकडे द्यायला मुलगी नव्हती. त्याच्याकडे बास्केटबॉलची टीम होती.

पण आधी घर सांगते, नाहीतर मजा कळायची नाही. मी लग्न होऊन बऱ्हाणपुरात आले, बुधवारा पेठेत, आणि वर्ष सरायच्या आत राज्यांची फेरवाटणी झाली. माझं माहेर अकोल्याचं. रात्री झोपले तेव्हा सासर-माहेर एका राज्यात होतं, सकाळी उठले तर माहेर मुंबई राज्यात गेलेलं आणि मी नव्या मध्य प्रदेशात. सासूबाई म्हणाल्या, तुझा भाऊ आला तर चहा मात्र पूर्वीसारखाच कर. घरात एवढाच फरक पडला. बाहेर बरंच काय काय नवीन निघत होतं. गावाबाहेरच्या मिलच्या साहेबांना वाटलं, आता इंदूर-जबलपूर सगळं आपलंच, तर तिकडे खेळायला आपलीही एक टीम पाहिजे. त्यांनी फौजेतून निवृत्त झालेला एक कोच आणला.

टीममध्ये घेतलं की मिलमध्ये नोकरी. सकाळी हजेरी लावायची, दुपारनंतर ग्राउंडवर जायचं, पगार मात्र पूर्ण दिवसाचा. सासऱ्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग काम केव्हा करतात?"

माझा दीर तेव्हा मिसरूड फुटलेला, ताडासारखा वाढलेला. आमच्या घरातली दारं जुनी, ठेंगणी. दोनचारदा कपाळ फुटल्यावर त्यानं वाकून चालायची सवय लावून घेतली, ती रस्त्यावरही सुटेना. शाळेच्या ग्राउंडवर लोखंडी रिंग होती, तिच्याखाली तो तासन् तास असायचा. सासऱ्यांची केळी तापीकाठी आणि कापसाची जमीन डोईफोडियाकडे, जंगलाच्या कडेला. त्यांनी ठरवून टाकलं होतं की दिवाळी झाली की धाकट्यानं डोईफोडियाला राहायला जायचं आणि कापूस बघायचा. दीर वडिलांपुढे काही बोलायचा नाही. मला चुलीपाशी येऊन म्हणाला, "वहिनी, मिल नवीन पोरं फक्त दसऱ्यानंतर घेते. एकदा तिकडे गेलो की मला कोण बोलवायला येणार आहे?"

दसरा झाला आणि मिलच्या ग्राउंडवर पोरांची रीघ लागली. कुणी खंडव्याहून आलं, कुणी अनवाणी आलं, एकजण तर लग्नातला सूट घालून आला. कोचनं पळवून पळवून बहुतेकांना घरी धाडलं. टीम भरत आली, शेवटची एक जागा उरली, आणि तिच्यासाठी दोघं उरले. एक आमचा, दुसरा सिंधीपुऱ्यातला, चणीनं लहान पण हात असा बसलेला की डोळे मिटून बॉल टाकला तरी रिंगमध्ये. कोचचं म्हणणं, तो आज तयार आहे, आमचा कच्चा आहे, पण अजून वाढला तर गोष्ट वेगळी. आता हा अजून किती वाढेल हे कळायचं कसं? तर आईबापाची उंची बघून. कोच म्हणाला, रविवारी घरी येतो.

मुलगा बघायला लोक घरी येणार म्हटल्यावर सासूबाईंनी जे करायचं ते केलं. ओसरी सारवली, पोहे भिजवले, गोडाला मिठाईवाल्याकडून दराबा मागवला, दिराला धुतलेला सदरा घातला आणि सतरंजीच्या कडेला बसवलं. तोही मान खाली घालून बसला, शिकवल्यासारखा. कोच आला आणि पहिलंच बोलला, "सीधे खडे रहो." दीर उभा राहिला. "और सीधे." तेव्हा कुठे आम्हाला कळलं की पोरगा आम्ही समजत होतो त्याहून बराच उंच आहे.

कोचनं त्याचे पंजे पाहिले, खांदे दाबून पाहिले, खाणं विचारलं. मग सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे बेताच्या उंचीचे. कोचचा चेहरा उतरला. त्यानं विचारलं, माताजी केवढ्या आहेत?

सासरे म्हणाले, "मध्यम."

आता खरं सांगायचं तर सासूबाई सासऱ्यांहून चांगल्या वीतभर उंच होत्या. घरात हे कधी कुणी बोललं नव्हतं. बाहेर जाताना त्या चार पावलं मागून चालत आणि फोटो काढायचा तर सासरे उभे, त्या खुर्चीत. त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात दाराआड होत्या. मध्यम हा शब्द त्यांनी ऐकला, हातातलं पळीभांडं खाली ठेवलं, पदर नीट केला आणि दारात येऊन उभ्या राहिल्या. एरवी त्या दारात वाकायच्या. तेव्हा वाकल्या नाहीत. वरची चौकट बरोबर त्यांच्या कपाळावर आली आणि वरचं डोकं तिच्याआड गेलं. कोच उठून उभा राहिला, त्यानं नमस्कार केला आणि म्हणाला, "बस. हो गया." सासरे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

त्यानंतर सासऱ्यांची पाळी. घरी स्थळ आलं की समोरच्यांची चौकशी करायची असते. मिलचे मालक कुठले, टीममधली पोरं कुणाकुणाची, कुणाला व्यसन आहे का, परगावी गेल्यावर स्वयंपाक कोण करतं, हे सगळं त्यांनी विचारलं. कोचनं फौजी शिस्तीत एकेक उत्तर दिलं. शेवटी म्हणाला, "तो हाँ समझूँ? गुरुवार को नाम भेजना है."

होकार लगेच द्यायचा नसतो. लगेच हो म्हणणाऱ्या घरात काहीतरी खोट आहे असं लोक समजतात. दोनदा विचारणं येऊ द्यायचं, मग मान डोलवायची, ही आमच्याकडची रीत. सासरे म्हणाले, "विचार करून कळवतो." कोचनं दराब्याचा शेवटचा घास खाल्ला आणि गेला.

घर खूश. सासरे म्हणाले, बघा, दोन दिवसांत परत येतो की नाही. दीर म्हणाला, बाबा, गुरुवार म्हणालेत. सासरे म्हणाले, बोलणी करताना असं म्हणावंच लागतं.

गुरुवार गेला. रविवारी सिंधीपुऱ्यातला तो पोरगा मिलचं नवंकोरं बनियन घालून आमच्या दारावरून गेला. सासऱ्यांनी सुपारी फोडता फोडता त्याला पाहिलं आणि म्हणाले, "दुसरं स्थळ पाहिलेलं दिसतंय त्यांनी."

दीर जेवला, हात धुतला आणि डोईफोडियाला न्यायचे कपडे बांधायला लागला. मला ते बघवेना. सासूबाई दारात उभ्या राहून त्याच्या घड्या बघत होत्या. मग ओसरीवर जाऊन सासऱ्यांना म्हणाल्या, "तुम्ही मान राखलात. पोराचं काय राखलंत?" सासरे म्हणाले, आपण होऊन जाणं बरं दिसत नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही जाऊ नका. मी मध्यमच आहे, माझ्याकडे कोण बघतंय."

होकार घेऊन जायचं तर रिकाम्या हातानं जात नाहीत. त्यांनी नारळ घेतला, साखरेची पुडी घेतली, मला घेतलं आणि टांगा करून आम्ही मिलच्या ग्राउंडवर गेलो. तिथे बायकामाणसं कधी आली नसावीत, खेळ आपोआप थांबला. सासूबाईंनी नारळ आणि साखर कोचच्या हातात ठेवली आणि मला म्हणाल्या, याला सांग आमचा होकार आहे. मी हिंदीत सांगितलं. कोचनं नारळाकडे पाहिलं. म्हणाला, "टीम तो भर गई, माताजी."

सासूबाईंना तेवढी हिंदी येत होती. त्या म्हणाल्या, "याला विचार, हा आमच्या पोराला कच्चा म्हणाला होता ना? आमची केळी दिल्लीला जातात. कच्चीच कापून वॅगनमध्ये भरतात. पिकलेली भरली तर वाटेत लगदा होतो. तयार पोरगा घेतला यानं, बरं केलं. पण पुढच्या वर्षी त्याचं काय वाढणार आहे?"

मी हे सगळं हिंदीत सांगितलं. लगद्याला शब्द सापडेना, तो हातानं दाखवला. कोचनं सासूबाईंकडे वर पाहिलं, म्हणजे त्याला थोडं वरच बघावं लागत होतं. मग म्हणाला, नाव नाही, बनियन नाही, पगार नाही. रोज दुपारी सरावाला यावं, आणि वाकून चालणं सोडावं. पुढच्या मोसमाला बघू.

घरी आल्यावर दिराचे कपडे सुटले आणि डोईफोडियाला यंदापुरतं थोरल्या दिराला पाठवलं. आठवड्याभरात सासऱ्यांनी सुतार बोलावून स्वयंपाकघराची चौकट वर उचलायला सांगितली. धान्याची पोती आत न्यायला अडचण होते, असं कारण दिलं. सासूबाई त्या दारातून पहिल्यांदा सरळ आत गेल्या तेव्हा ते पुन्हा कॅलेंडर वाचत होते.

त्या हिवाळ्यात टीम इंदूरला गेली, जबलपूरला गेली. आमचा दीर गेला नाही. तो दुपारी केळीतून परस्पर ग्राउंडवर जायचा आणि दिवेलागणीला सरळ चालत घरी यायचा. बाजारात कुणी सासऱ्यांना टोचायचं, काय हो, पोराचं मिलमध्ये झालं म्हणे? तेव्हा सासरे पानाला चुना लावत शांतपणे सांगायचे,

"ठरलंय. तारीख तेवढी निघायची आहे."