मागे राहिलेल्या कुत्र्यांचा फोटोवाला

स्वातंत्र्यानंतर रेल्वेतले गोरे साहेब मायदेशी परतले, तेव्हा त्यांची कुत्री कर्जतच्या रिकाम्या बंगल्यांपुढे वाट बघत राहिली. दहिवलीचा एक म्हातारा फोटोवाला त्यांच्यासमोर मांडी घालून बसायचा. कुत्रं आपणहून जवळ आलं की मगच फोटो काढायचा आणि तो दाखवत गावोगाव त्याच्यासाठी घर शोधायचा.

"कुत्रंच का नेत नाही दाखवायला?" मी एकदा विचारलं.

"नको म्हनलेलं त्यांना कळतं," तो म्हणाला.

शेवटचं कुत्रं पळसदरीच्या एका बाईंनी नेलं. ते दिसेनासं होईपर्यंत तो बघत राहिला.

"एखादं तुम्ही ठेवायचं होतंत," मी म्हटलं.

"घरात मी एकटाच हाय. उद्या मी गेलो, तर ते परत पोरकं व्हायचं."

कॅमेरा खांद्याला लावून तो निघाला. त्याला हाक मारावीशी वाटली, पण मला त्याचं नावच ठाऊक नव्हतं.