पाहुणी म्हणून गेले, शिवायला बसले

लातूरच्या बसस्थानकावर हैदराबादची गाडी लागली. आप्पांनी माझी बॅग वर ठेवली, खाली उतरले आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "कागदं समदी नीट हायत ना गं?" मी म्हणाले, "हाव आप्पा." माझ्याजवळ साठ दिवसांचा टूरिस्ट व्हिसा होता आणि मी शारजाला शिवणकाम करायला निघाले होते. एजंट म्हणाला होता, "आधी पाहुणी म्हणून जा. तिथं गेल्यावर कामाचा व्हिसा करून देतेत." हे मी घरी सांगितलं नव्हतं. आई तर लातूरपर्यंत आलीच नाही. आमच्या गावी, शिरूर अनंतपाळला, दारातूनच तिनं पाठ फिरवली.

हे लिहितेय ते आमच्या लातूरकडच्या मुलींसाठी. त्यांचे मेसेज येतात, "ताई, टूरिस्टवर येऊ का? लवकर होतंय म्हणे." मी नुसतं "नको" म्हटलं की त्यांना वाटतं, स्वतः गेली आणि आता आम्हाला अडवते.

शारजात एका इमारतीच्या मागच्या बाजूला आमचा कारखाना होता. पाच शिलाई मशीन, एक इस्त्रीचं टेबल. पहिल्याच दिवशी मालकिणीनं पासपोर्ट मागून घेतला, "व्हिसा बदलायला लागतो" म्हणून. मग रोज विचारलं की "प्रोसेसमध्ये आहे" एवढंच उत्तर. तपासणीची कुणकुण लागली की आम्हा दोघी-तिघींना माळ्यावर कापडाच्या गठ्ठ्यांमागे बसवायचे. लातूरला मी शिवलेले ब्लाउज बायका हौसेनं घालून मिरवायच्या, आणि इथं मी शिंक दाबून बसलेली.

सातव्या आठवड्यात सुई बोटातून आरपार गेली आणि आतच तुटली. मालकीण म्हणाली, "दवाखान्यात नेलं तर काय सांगायचं? हळद लाव." तेव्हा इस्त्रीवाली लक्ष्मक्का उठली. तिचं माहेर देगलूरचं, सासर तेलंगणातलं. ती रीतसर कामाच्या व्हिसावर होती. माझं मशीन बंद करत मला म्हणाली, "भयपडकु. म्हंजे भिऊ नको. चल." तिनंच मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं विचारलं, कुठं लागलं? मी म्हणाले, घरी. खोटं बोलताना बोटापेक्षा जास्त दुखलं.

परत येताना लक्ष्मक्कानं तिच्या बहिणीचं सांगितलं. तीही अशीच पाहुणी म्हणून आलेली. मुदत संपली तरी राहिली. मग बाहेर पडायची भीती, पकडले जायची भीती. तिकडं आई गेली तरी तिला जाता आलं नाही. मोबाइलवर सरण बघितलं. "तुझे किती दिवस राह्यले?" अक्कानं विचारलं. मी मोजले. अकरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आप्पांना फोन लावला. "आप्पा, मी टूरिस्ट व्हिसावर काम करून राहिले. तुमच्याशी खोटं बोलले." वाटलं, आता रागावतील, गावात काय तोंड दाखवू म्हणतील. ते म्हणाले, "जेवलीस का?" आणि मग, "ये घरी. बाकीचं मागून बघू."

पण पासपोर्ट? मालकीण म्हणाली, सीझन संपेपर्यंत थांब, कोण विचारतंय? मी मान खाली घातली. लक्ष्मक्का माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "मॅडम, आज देता, का आम्ही दोघी भारतीय वकिलातीत जाऊ?" तिची स्वतःची नोकरी त्याच बाईच्या हातात होती, तरी ती बोलली. पासपोर्ट टेबलावर येऊन पडला. केलेल्या कामाचा मोबदला मागायला मला जागाच नव्हती. कागदावर मी तिथं काम केलंच नव्हतं. मुदतीला दोन दिवस उरले असताना मी विमानात बसले.

आज विचार करते, तेव्हा मी पकडले गेले असते तर? दंड, कोठडी, पुन्हा त्या देशात पाय ठेवायची बंदी. माझं नशीब बरं म्हणून सुटले. आणि लक्ष्मक्का होती म्हणून.

वर्षभर लातूरला पुन्हा ब्लाउज शिवले. मग शारजातल्याच दुसऱ्या एका कारखान्याची जाहिरात आली. या वेळी करार हातात आल्यावर आप्पांनी तो गावातल्या इंग्रजीच्या सरांकडून ओळीन् ओळ वाचून घेतला. सरांनी तीन प्रश्न काढले, तिन्हींची उत्तरं लेखी येईपर्यंत आप्पांनी मला जाऊ दिलं नाही. कामाचा व्हिसा पासपोर्टवर लागला, तेव्हाच तिकीट काढलं.

आता शारजात मला सहा वर्षं झाली. ताप आला की मी दवाखान्यात जाते आणि विम्याचं कार्ड पुढं करते. सुपरवायझरशी भांडतेसुद्धा. मुलींनो, ही भांडायची मोकळीक छोटी समजू नका. थोडं थांबा, पण कामाच्याच व्हिसावर या.

आणि घर? मागच्या दिवाळीत सुट्टीवर आले. आईनं दारातच विचारलं, "किती दिवस हायस?" म्हणाले, "एक महिना. रजा मंजूर करून आलेय." आई म्हणाली, "मग आज पुरण घालत न्हाई. आज पिठलं-भाकर खा. पुरण परवा करू, सावकाश." आणि ती चुलीकडं वळली. आधी मी आले की पहिल्याच दिवशी पुरण व्हायचं, जणू मी उद्याच निघणार. आई आता मला घाईघाईनं जेवू घालत नव्हती.