फळीची खालची बाजू

राजुऱ्याच्या आमच्या वसाहतीत विहारासमोर बाक बसवायचे ठरले, तेव्हा लोखंडी पाय वर्गणीतून आले आणि फळ्या शेजाऱ्याने दिल्या. फळ्या सागवानाच्या होत्या, आणि नुकत्याच रंधा मारलेल्या. तिथेच माझे मन अडखळले. आमच्या भागात सागवानावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का नसेल, तर ते कुठून आले असा प्रश्न उठतो. रंधा मारला की शिक्काही निघून जातो.

शेजारी माझ्याहून वयाने मोठा. कोळसा खाणीत गाव गेल्यावर तो इथे राहायला आला. आमचा संध्याकाळचा चहा बहुधा एकत्रच होई.

"भाऊ, लाकूड कुठचं हे?" मी सहज विचारल्यासारखे विचारले.

"घरचंच हाय," म्हणून तो बोल्ट आवळू लागला.

उत्तर जरा लवकरच आले, असे मला वाटले. मी तहसील कचेरीत नोकरीला आहे. कागद तपासता तपासता माणसे तपासण्याची सवय कधी जडली, ते मला कळले नाही.

एक फळी त्याने पालथी ठेवली होती. मी हात लावताच म्हणाला, "राहू द्या ते. मी बसवतो." तो वायसर आणायला घरात गेला आणि मी ती फळी उलटली. खालच्या बाजूला जुना निळा रंग होता, ठिकठिकाणी पोपडे सुटलेला.

"शिक्का शोधून राह्यले काय, भाऊ?"

तो मागे उभा होता.

"नाही, भोक कुठे पाडायचं ते पाहत होतो."

खोटे बोलताना माझा आवाज नेहमीपेक्षा खाली गेला.

"भोकं पाडून झाले ना सारे. तुमीच तर ड्रिल धरली होती."

मग तो उकिडवा बसला आणि निळ्या रंगातल्या एका खाचेवर त्याने बोट ठेवले. "इथी कडी होती. गावच्या घराचं दार हाय हे. मोबदल्यात दाराचेही पैसे धरले होते खाणवाल्याहीनं, म्हंजे दार त्याहीचंच झालं. घर खाली करताना मी काढून आणलं, कोणाले न इचारता. वळखू येऊ नये म्हणून रंधा मारला. ही एक बाजू मारवली नाई." मग त्याने विचारले, "सांगसान काय कोणाले?"

"नाही," मी म्हणालो.

त्याचा विश्वास बसला नाही. कसा बसावा? क्षणापूर्वीच मी त्याच्या तोंडावर खोटे बोललो होतो. निळी बाजू खाली करून आम्ही फळी बसवली.

आता संध्याकाळचा चहा त्या बाकावर होतो. कचेरीतला कुणी रस्त्यात थांबून माझ्याशी बोलू लागला, की शेजाऱ्याचा हात हळूच फळीखाली जातो. तो माणूस गेला की विचारतो, "काय म्हणत होते ते साहेब?"

मी खरे तेच सांगतो. तो बशीतला चहा फुंकत माझ्याकडे पाहत राहतो.