भांडणसरांचं रिंगण

आमच्या भांडणसरांना मारामारीची भारी हौस. नाव वेगळं होतं, पण डोंगरकड्याकडच्या आमच्या गावात ते कुणी घेत नसे. शाळेत दोन लेकरं एकमेकांच्या उरावर बसली की दुसरे मास्तर छडी शोधायचे. हे खडूनं फरशीवर रिंगण काढायचे आणि दोघांना आत उभं करायचे, हात पाठीमागं बांधून.

"आता हाणा," म्हणायचे. "पण यमकात. ओळ चुकली तो हरला, हात सुटला तो हरला. जात न्हाई, माय-बाप न्हाई, व्यंग न्हाई. बाकी रान मोकळं."

बाकीचा वर्ग फरशीवर थापा मारून ताल धरायचा. वाचनाचा कंटाळा असलेली पोरं शिव्यांना यमक जुळवायला घरी जाऊन पुस्तकातल्या कविता धुंडाळायची. सरांना हवं ते फुकटात होऊन जायचं. लबाड माणूस!

मी सातवीत होते आणि माझा हात पोरांपेक्षा जड होता. एकदा कैलासचा दात पाडला. त्याच्या तोंडातून रक्त गळत होतं, मला मात्र जराही वाईट वाटलं नाही. सरांनी त्याला चूळ भरायला लावली, दाताच्या जागी कापूस दाबला आणि आम्हाला रिंगणात घातलं.

मी सुरुवात केली, "कैलासचं नाक गळकं, डोकं भोपळ्याहून हलकं." वर्ग खिदळला. कैलास लालबुंद झाला आणि कापूस थुंकून म्हणाला, "घरी हिच्या मायला बाप झोडतो, हिचा हात आमचे दात तोडतो."

माय काढली म्हणून कैलास हरला. पण त्याचं खरं होतं. गावाला ठाऊक होतं, तोंडावर कुणी बोललं नव्हतं. सर जवळ येऊन म्हणाले, "मंगल, गप काहून बसली? याचं उत्तर उद्या लिहून आण."

मी आणलं. वर्गात उभी राहून वाचलं:

भाकर करपली, पट्टा सुटला,
मायच्या पाठीवर वळ उठला.
पट्टा फिरून खुंटीला बसला,
बाप पोटभर जेवून हसला.

कुणी ताल धरला नाही. सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "ही कविता हाय." बस, एवढंच.

दोन दिवसांत ती बापाच्या कानावर गेली. बैलगाडीची उभारी, कडेचा जाड दांडका, उपसून तो भरल्या वर्गात शिरला. "कोन लिहिलं हे?" सरांनी माझ्याकडं पाहिलं. वर्गातल्या सगळ्यांनी पाहिलं. मी म्हणाले, "सरानं लिहून दिलं."

"व्हय, मीच लिहिलं," सर म्हणाले.

पहिला तडाखा त्यांनी हातावर झेलला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा गुडघ्यावर बसला आणि सर खडूच्या डब्यासकट खाली कोसळले. तिसऱ्याला धावत आलेल्या गावकऱ्यांनी बापाला धरलं. सरांनी तक्रार दिली नाही. बदली सेनगावकडं झाली.

गळ्यात प्लास्टरचा हात अडकवून ते निघाले तेव्हा सगळी लेकरं पाया पडायला धावली. मी शाळेच्या पाण्याच्या टाकीमागं लपले. जीप थांबवून ते लंगडत तिथं आले. मला वाटलं, आता बोलतील. "कविता चांगली झाली," ते म्हणाले. "ती माझ्या नावावर ठिवू नको." इतकी लाज मला आजवर कधी वाटली नाही.

आठ दिवसांनी, भर दुपारी, बापानं पुन्हा पट्टा काढला. मी मायच्या पुढं उभी राहिले, हात पाठीमागं घेतले आणि ती कविता म्हणायला लागले. पहिल्याच ओळीला पट्टा खांद्यावर बसला, तिसऱ्या ओळीला ओठ फुटला. चार ओळी संपल्यावर मी पुन्हा पहिलीपासून धरली, मोठ्यानं. दारात शेजारी जमले. बापानं त्यांच्याकडं पाहिलं आणि त्या मास्तराच्या नावानं एक घाण शिवी हासडली.

"त्याहिची न्हाई," मी रक्त गिळून म्हणाले. "माझी हाय. मी लिहिली."